छापून आल्यावर अक्षरांच्या बारीक रेघा गायब होतात? प्रेसला फोन करायच्या आधी हे बघा

आधी लक्षणं सांगतो, तुमची तक्रार यात बसत असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे.

स्क्रीनवर अक्षर एकदम देखणं दिसत होतं, जाड दांडा आणि त्याला जोडणारी केसासारखी रेघ, आणि छापून आलं तर नुसते जाड दांडे उरलेत, मधलं जोडणारं काही नाहीच. किंवा रेघ आहे पण ठिपक्याठिपक्यांची, कडेला निळी-गुलाबी सावली. किंवा मरून पट्टीवरचं पांढरं अक्षर आतून भरून गेलंय. मराठीत असेल तर रफार, पायमोडका, उकाराची शेपटी आणि ‘वऱ्हाड’मधला तो ऱ, म्हणजे ह च्या आधी बसणारी आडवी छोटी कोयती, हे सगळ्यात आधी जातं. मोठा मथळा सुंदर येतो आणि त्याच फॉन्टमधला खालचा पत्ता वाचता येत नाही, हे तर अगदी हमखास लक्षण.

दोन लक्षणं वेगळी आहेत, ती बाजूला काढा. पहिले शंभर कागद बरे आणि मग तुटायला लागलं, किंवा पानाच्या एकाच उभ्या पट्ट्यात सगळं फिकं, मग ते चित्र असो की अक्षर, तर तो मशीनचा विषय आहे, फॉन्टचा नाही. त्यावर शेवटी बोलतो.

मी कुडाळला डीटीपी आणि छपाईची कामं घेतो, लग्नपत्रिका, होमस्टेची मेन्यूकार्डं, आंब्याच्या पेट्या, मंडळांच्या स्मरणिका, सगळं. बोडोनी, डिडो, प्लेफेअर डिस्प्ले असल्या जाड-बारीक फॉन्टची हौस आता सगळ्यांना आहे आणि मलाही ती अक्षरं मनापासून आवडतात, म्हणूनच ती मोडलेली बघवत नाहीत. गेल्या मे महिन्यात एका काकांनी पत्रिका आणून टेबलावर ठेवली, बाहेरून छापून घेतलेली, ३५० नग, मरून कार्डावर सोनेरी शाई. ‘वऱ्हाडी मंडळींनी’ असं असायला हवं तिथे ‘वहाडी’ झालेलं. काका म्हणाले, "अरे, माका चष्मो लावन पण हो र दिसणा नाय." भिंगाखाली बघितलं तर ऱ च्या जागी सोन्याचे दोन कण होते फक्त. स्पेलिंगची चूक नव्हती, फाइलीत ऱ व्यवस्थित होता. मुंबईचे चाकरमानी येणार म्हणून आठ दिवसांत परत छापायला लागली. हाच दोष मी इतक्या वेळा निस्तरलाय की आता तपासायचा क्रम ठरून गेलाय, फुकटातलं आधी आणि खर्चाचं शेवटी.

खऱ्या मापात प्रिंट काढा

यासाठी जवळजवळ काहीच लागत नाही आणि निम्म्या तक्रारी इथेच सुटतात. स्क्रीनवर आपण ३०० टक्के झूम करून काम करतो, त्यामुळे १० पॉइंटचं अक्षर ३० पॉइंटचं असल्यासारखं दिसतं आणि डोळा फसतो. कुठल्याही साध्या लेझर प्रिंटरवर १०० टक्के मापात काढा, ‘फिट टू पेज’ बंद करून, आणि पत्रिका हातात धरतो तेवढ्या अंतरावरून बघा. नुसतं बघू नका, मोठ्याने वाचा, कारण आपल्याला मजकूर पाठ असतो आणि गेलेली रेघ मेंदू भरून काढतो. शक्य असेल तर ज्याने मजकूर लिहिलेला नाही त्याच्याकडून वाचून घ्या.

पीडीएफ ॲक्रोबॅटमध्ये बघत असाल तर प्रेफरन्सेसमध्ये ‘पेज डिस्प्ले’खाली ‘एन्हान्स थिन लाइन्स’ नावाची टिक असते ती काढा. ती चालू असली की बारीक रेघा स्क्रीनवर मुद्दाम जाड दाखवल्या जातात, शिवाय अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे मजकुराऐवजी नुसते आकार बनवलेली, असली की ती नेहमीपेक्षा ठळक दिसतात. गिऱ्हाईक ते बघून ओके देतो आणि कागदावर मात्र खरी रेघ येते. टिक काढा, मग ओके घ्या.

रेघ मोजा

हे कोणी करत नाही आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं हेच आहे. कोरलमध्ये (कोरलड्रॉ, डिझाइनचं सॉफ्टवेअर) तुमच्या फॉन्टमधलं इंग्रजी मोठं ‘एच’ १०० पॉइंटला टाका, कर्व्ह करा, आणि मधल्या आडव्या रेघेवर एक चौकोन ओढून त्याची उंची मिलिमीटरमध्ये वाचा. मराठी फॉन्ट असेल तर ‘ऱ्ह’ किंवा ‘र्क’ टाकून सगळ्यात बारीक जागा शोधा. समजा माप आलं ०.७ मिमी. मग १० पॉइंटला तीच रेघ ०.०७ मिमी होणार, सरळ त्रैराशिक. आता बघा, ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, अशा लेझर प्रिंटरचा एक ठिपका साधारण ०.०४ मिमी आणि ३०० डीपीआयचा ०.०८५ मिमी. म्हणजे ३०० ला तुमची रेघ एका ठिपक्यापेक्षाही बारीक आहे, ती धड येईल कशी?

माझ्या टेबलाजवळ भिंतीवर एक कागद लावलाय, अनुभवाने ठरवलेली कमीत कमी रेघ. गुळगुळीत आर्ट पेपरवर ऑफसेट (प्लेटवरून रबरी ब्लँकेटवर आणि तिथून कागदावर छपाई), काळी शाई, ०.१ मिमी. मॅपलिथोवर (साधा, बिनचकाकीचा कागद) ०.१५. गडद पट्टीतून पांढरं अक्षर काढायचं असेल तर ०.२. स्क्रीन प्रिंटिंग (जाळीतून शाई दाबून छपाई) सोनेरी शाईत ०.३. पुठ्ठ्याच्या पेटीवर ०.५, आणि पेटीवर उलटं पांढरं अक्षर असेल तर १ मिमी. हे माझे आकडे आहेत, तुमच्या प्रेसवाल्याचे थोडे वेगळे असतील, त्याला विचारून तुमचा कागद बनवा.

मग वरचाच ०.७ वाला फॉन्ट आर्ट पेपरवर साधारण १५ पॉइंटच्या खाली वापरायचा नाही, सोनेरी स्क्रीनमध्ये ४३ च्या खाली नाही, आणि पेटीवर ७२ च्या खाली नाही. एवढा हिशेब लिहून ठेवला की प्रेसवाल्याशी भांडण होतच नाही. काकांच्या पत्रिकेत तो मजकूर १४ पॉइंटला होता.

फॉन्टचा कुठला कट वापरलाय?

मला इथे थोडं थांबून बोलायचंय, कारण लोकांना वाटतं फॉन्ट म्हणजे एक फॉन्ट, लहान करा मोठा करा, काय फरक पडतो. पूर्वी छपाईला एकेका अक्षराचे शिशाचे खिळे असायचे तेव्हा प्रत्येक मापाचा खिळा वेगळा कोरलेला असायचा. इटलीत पार्माला जाम्बातिस्ता बोडोनीने आणि पॅरिसला फर्मां डिडोने अठराव्या शतकाच्या शेवटी ही टोकाची जाड-बारीक अक्षरं कोरली, पण त्यांच्याकडेही लहान मापाचं अक्षर म्हणजे मोठ्या मापाचं आकसलेलं चित्र नव्हतं. लहान खिळ्यात बारीक रेघ त्या मानाने जाड ठेवलेली, अक्षरं जरा रुंद, मधे हवा जास्त. कॉम्प्युटर आला आणि बऱ्याच कंपन्यांनी एकच मोठं चित्र घेऊन सगळ्या मापांना तेच वापरायला दिलं, तिथून आपलं दुखणं सुरू झालं.

ज्यांनी नीट काम केलं त्यांनी परत मापाप्रमाणे वेगवेगळे कट, म्हणजे एकाच फॉन्टची वेगळी रूपं, काढले. १९९४ च्या आयटीसी बोडोनीत ६, १२ आणि ७२ पॉइंटसाठी वेगवेगळी अक्षरं आहेत. अमेरिकेतल्या जोनाथन हॉफ्लर या फॉन्ट काढणाऱ्याने १९९१ मध्ये हार्पर्स बझार मासिकासाठी डिडो केला त्यात तर ६ पासून ९६ पॉइंटपर्यंतचे कट आहेत, मासिकाचं मुखपृष्ठ आणि आतलं छोटं नाव दोन्हीकडे रेघ तितकीच नाजूक दिसावी म्हणून. फुकटात हवा असेल तर गूगल फॉन्ट्सवर बोडोनी मोडा आहे, त्यात मापाप्रमाणे रेघ बदलायची सोय ६ ते ९६ पर्यंत आहे. कोरलची जुनी व्हर्जन व्हेरिएबल फॉन्ट (एकाच फाइलीत सगळी रूपं असलेले) धड घेत नाहीत, तेव्हा झिपमध्ये स्टॅटिक नावाचं फोल्डर बघा, त्यातली लहान पॉइंटची फाइल बारीक मजकुराला वापरा. प्लेफेअर डिस्प्लेच्या नावातच डिस्प्ले आहे, तो मथळ्यासाठी काढलाय, त्यात मेन्यूकार्डावरचे ‘सुरमई थाळी’खालचे घटक लिहायला जाऊ नका.

मराठीचं जरा वेगळं आहे. देवनागरीचा बोरू वेगळ्या बाजूने कापलेला असतो त्यामुळे जाड-बारीक कुठे येणार ते रोमनसारखं नसतं, आणि बारीक जागा बहुतेक गाठीत, जोडाक्षराच्या सांध्यात आणि वरच्या-खालच्या मात्रांत असतात. म्हणजे जी चिन्हं आधीच लहान आहेत तीच बारीक पण असतात. इंग्रजीत ‘ई’ची आडवी रेघ गेली तरी शब्द ओळखता येतो, मराठीत रफार गेला की ‘सर्व’चं ‘सव’ होतं. इंडियन टाइप फाउंड्रीचा रोझा वन मला फार आवडतो, देवनागरी आणि रोमन दोन्ही एकाच हाताची वाटतात, पण तो एकाच वजनात येतो आणि मथळ्याचाच आहे. नवरा-नवरीची नावं रोझामध्ये घ्या, खालचा मुहूर्त, स्थळ, आमंत्रकांची नावं साध्या, सारख्या जाडीच्या अक्षरात. आणि प्लेफेअर डिस्प्लेमध्ये देवनागरी नाहीच, त्यात मराठी टाइप केलं आणि ‘आलं की’ असं वाटलं तर सॉफ्टवेअरने गुपचूप दुसराच फॉन्ट लावलाय हे समजा.

रंग बघा, मग फाइल

काळं अक्षर नुसत्या काळ्यात आहे का? कोरलमध्ये आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या रंगांतला, काळा ठेवून पीडीएफ केली की तो चार रंगांत मोडतो, आणि केसाएवढी रेघ चार प्लेटांवर वाटली गेली की एक प्लेट कणभर सरकली तरी सावली दिसते. के म्हणजे काळी शाई १०० आणि बाकी तिन्ही शून्य, एवढंच. तसंच ४० टक्के चॉकलेटी, फिका राखाडी असले रंग बारीक अक्षराला देऊ नका, कारण फिका रंग छापताना ठिपक्यांनी बनतो आणि तुमची रेघ दोन ठिपक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडते. नाजूकपणा हवा असेल तर अक्षर मोठं करा आणि आजूबाजूला जागा सोडा, रंग फिका करून तो येत नाही. गडद पट्टीवर पांढरं असेल तर पट्टीसुद्धा शक्यतो एकाच शाईची घ्या.

फाइलीत तीन गोष्टी. अक्षरं फोटोशॉपमध्ये चित्र होऊन गेलीत का, गेली असतील तर मजकूर परत कोरलमध्ये व्हेक्टर, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेघांच्या आकारात, टाका. फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलीत का, तिथे ती दाबली जाते आणि बारीक रेघेभोवती कचरा येतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि अक्षर जागेत बसवायला आडवं चेपलंय का? चेपलं की उभे दांडे बारीक होतात आणि आडव्या रेघा तशाच राहतात, जाड-बारीकचं सगळं गणित बिघडतं. मजकूर जास्त असेल तर गिऱ्हाइकाला तसं सांगा, तीन आत्यांची नावं दोन ओळींत घेऊ म्हणा, पण अक्षर चेपू नका.

बाहेरून रेघ म्हणजे आउटलाइन लावून अक्षर जाड करायची युक्ती सगळेच करतात, मीही केलीय. मोठ्या अक्षराला ०.१ मिमी चालून जाते. लहान अक्षराला लावली की ‘ध’, ‘भ’, ‘श’ची पोटं भरतात आणि आता वाचता न येण्याचं दुसरंच कारण तयार होतं. घाईत एकदा ठीक, सवय नको.

कागद आणि आपला पाऊस

ही अक्षरं जन्मालाच गुळगुळीत कागदाबरोबर आली. इंग्लंडात बर्मिंगहॅमला जॉन बास्करव्हिलने १७५७ मध्ये पहिलं पुस्तक काढलं तेव्हा त्याने कागद, शाई आणि खिळे तिन्हीवर मेहनत घेतली होती, छापलेला ताव तापलेल्या तांब्याच्या पत्र्यांत दाबून गुळगुळीत करायचा. बोडोनी आणि डिडो त्याच वाटेने पुढे गेले. आपण तीच अक्षरं खडबडीत हँडमेड कार्डावर टाकतो आणि शाईला खळग्यात उतरता येत नाही म्हणून रागावतो. पोताचा कागद हवाच असेल तर फॉन्ट बदला, गुळगुळीत कार्ड हवं असेल तर हा फॉन्ट ठेवा, दोन्ही एकदम हट्टाने नाही.

आणि जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर हवेत जे पाणी असतं ते कागदात जातं. गणपतीची पत्रकं, वर्गणीची पुस्तकं नेमकी याच दिवसात. ओलसर कागदावर लेझरची टोनर पावडर नीट उतरत नाही, धरत नाही, बारीक रेघ बोटाने पुसली जाते. ऑफसेटला कागद फुगतो आणि दुसरा रंग पहिल्यावर बसत नाही. माझा उपाय साधा आहे, रीम वेष्टनातून गरजेपुरतीच काढायची, उरलेली परत प्लास्टिकमध्ये गुंडाळून जमिनीपासून वर फळीवर, भिंतीला न टेकवता. घाटावरून कागद आला की लगेच फोडायचा नाही, एक रात्र खोलीत तसाच ठेवायचा. एकदा संध्याकाळी उघडी राहिलेली रीम सकाळी कडेने लाटेसारखी झाली होती, त्यातला एक कागद कामाचा राहिला नाही.

स्क्रीन आणि पेटी

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये बटरपेपरवर काढलेली प्रिंट, म्हणजे पॉझिटिव्ह, उजेडासमोर धरा. काळं खरंच काळं आहे की त्यातून उजेड झिरपतोय? झिरपत असेल तर फ्रेम एक्स्पोज करताना, म्हणजे जाळीवरचं कोटिंग उजेडाने पक्कं करताना, बारीक रेघ बंद होणारच, पॉझिटिव्ह परत काढा, हे काही रुपयांचं काम आहे. एक्स्पोजर जास्त झालं तरी कडेने उजेड आत शिरून रेघ बुजते. पावसात कोटिंग पूर्ण सुकायच्या आत एक्स्पोज केलं तर धुताना कडा निघून जातात, म्हणून पंख्याखाली नेहमीपेक्षा जास्त वेळ द्या. जाळीचं गणितही बघा, इंचाला ३०५ धागे म्हणजे एका धाग्यापासून दुसऱ्या धाग्यापर्यंत ०.०८ मिमी, तुमची रेघ त्याहून बारीक असेल तर ती धाग्यावरच अडकते. वरून सोनेरी शाईत धातूचे कण असतात त्यामुळे तिला उलट मोठ्या भोकाची जाळी लागते. सोनेरी हवंय आणि केसाएवढी रेघही हवीय, ही दोन मागणी एकाच फ्रेममध्ये बसत नाहीत. आर्ट कार्डावर फॉइलचा ब्लॉक (गरम ठशाने चकचकीत पत्री चिकटवायचा) करून घेतला तर बरीच जवळ येते, खर्च वाढतो.

पेटीचं सांगतो. देवगडच्या एका बागायतदाराने हापूसच्या पेटीवर इंग्रजीत ‘मँगो’ असा शब्द बोडोनीसारख्या अक्षरात घेतला होता. त्यातली पहिली तीन अक्षरं या फॉन्टची सगळ्यात मोठी परीक्षा आहे, एमचा डावा पाय बारीक, एचा डावा पाय आणि आडवी रेघ बारीक, एनचे तर दोन्ही उभे दांडे बारीक. कोरुगेटेड पुठ्ठ्यावर रबरासारख्या मऊ प्लेटने छापतात आणि पुठ्ठ्याच्या आत नागमोडी कागद असतो, उंचवट्यावर शाई दाबून पसरते आणि खोलगट जागी रेघ तुटते. एनची एक तिरकी पट्टी तेवढी उरली होती. आम्ही शेवटी पुठ्ठ्यावर फक्त जाड साधं अक्षर छापलं आणि तो नाजूक शब्द आर्ट पेपरच्या लेबलवर छापून वरून चिकटवला, तिथे तो जसा हवा तसा आला.

तारकर्ली-मालवणकडच्या होमस्टेच्या पाट्यांना व्हिनायल कापून लावतात, तिथेही बारीक पट्टी वाऱ्याने कोपऱ्यातून सुटते. ३ मिमीपेक्षा बारीक काही मी कापून देत नाही.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

लेझर प्रिंटवर एकाच पट्ट्यात फिकं येत असेल, टोनर बदलून आणि कोरडा कागद घालूनही तेच असेल, तर इंजिनिअर बोलवा. मशीन उघडून फ्यूजरला (टोनर वितळवून कागदावर बसवणारा भाग) हात घालू नका, तो प्रचंड तापलेला असतो आणि आत हाय व्होल्टेज असतं.

ऑफसेटला भिंगाने प्लेट बघा. प्लेटवरच रेघ नसेल तर दोष फाइलीत किंवा मापात आहे, परत वर जा. प्लेटवर रेघ स्वच्छ आहे आणि कागदावर तुटतेय, तर ब्लँकेट, रोलर, शाई-पाण्याचा मेळ, हे मशीनमनचं काम, त्याच्याच हातात द्या. त्याला ‘शाई वाढव’ एवढं मात्र सांगू नका, बारीक रेघ वाचवायला शाई वाढवली की जाड दांडे फुगतात, पोटं भरतात आणि मागच्या कागदाला डाग लागतो. एकाच कामाला दोन प्लेटा वाया गेल्या की तिसरी काढायच्या आधी मी डिझाइन बदलतो.

फॉन्टची फाइल उघडून रेघा जाड करायला बसू नका, बऱ्याच फॉन्टच्या परवान्यात ते बसत नाही आणि एक अक्षर सुधारताना पन्नास जोडाक्षरं बिघडतात. ब्रँडचं नाव, म्हणजे जे दहा वर्षं पेटीवर, बिलावर, टेम्पोवर जाणार आहे, ते नाव अक्षरं काढणाऱ्या चांगल्या माणसाकडून काढून घ्या, आणि त्याच्याकडून दोन रूपं मागा, एक मोठ्या मापाचं आणि एक व्हिजिटिंग कार्डाच्या मापाचं. त्याच्याकडे जाताना मोडलेला छापील नमुना, कागदाचा तुकडा आणि सगळ्यात लहान कुठे छापणार ते मिलिमीटरमध्ये लिहून घेऊन जा.